गणनयंत्रे भंगारात काढण्यापूर्वी: अभ्यासमंडळांस एक खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
गणित अभ्यासमंडळ, संख्याशास्त्र अभ्यासमंडळ,
तसेच परीक्षा व मूल्यमापन मंडळ

विषय: संख्यात्मक विश्लेषणाच्या प्रात्यक्षिकांत जुन्या गणनयंत्रांचा समावेश करणे, त्यांचे निर्लेखन (नोंदवहीतून काढून भंगारात टाकणे) थांबवणे आणि परीक्षेतील कॅल्क्युलेटरविषयीचा नियम बदलणे.

महोदय, महोदया,

आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात गणित हा मुख्य विषय घेऊन शिकत आहे. माझे वय साठीच्या पुढे आहे, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून मी निवृत्त झालो आहे आणि जुनी गणनयंत्रे मिळवणे, उघडणे, साफ करणे व पुन्हा चालती करणे हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. शिक्षण आणि छंद यांचा एकमेकांशी संबंध नसता, तर हे पत्र लिहिण्याचे कारणच नव्हते. मात्र ज्या संख्यात्मक विश्लेषणाच्या, म्हणजे गणिताची उत्तरे आकडेमोडीने पुरेशी जवळ काढण्याच्या शास्त्राच्या, ओढीने मी पुन्हा वर्गात आलो, तो विषय आपल्याकडे ज्या रीतीने शिकवला जातो ती पाहता, माझ्या घरच्या कपाटात आणि अनेक महाविद्यालयांच्या अडगळीच्या खोल्यांत पडून असलेली यंत्रे ही त्या विषयाची सर्वांत चांगली प्रयोगसाधने आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे. ही साधने भंगारात काढली जात आहेत, आणि त्यांतील एखादे परीक्षेला सोबत नेणेही नियमबाह्य ठरत आहे. दोन्ही बाबी मंडळांच्या अधिकारातील असल्याने हे निवेदन आपणांस उद्देशून, पण सर्वांसमक्ष करीत आहे.

पदविका घेऊन मी नोकरीला लागलो, त्या काळात कालव्याचा छेद ठरवताना पाण्याचा वेग देणारे मॅनिंगचे सूत्र वापरावे लागे. त्यात हायड्रॉलिक रेडियसचा दोन तृतीयांश घात आणि उताराचे वर्गमूळ येते. विभागीय कार्यालयात स्वीडिश बनावटीचे हँडल फिरवायचे फॅसिट यंत्र होते, साहेबांच्या टेबलावर स्लाइड रूल, म्हणजे हिशेबाची सरकपट्टी, असे आणि आखातातून आलेल्या कोणाकडे कॅसिओचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर असला, तर तो खोलीभर फिरे. एकच छेद तीन साधनांवर काढला की शेवटच्या अंकांत फरक पडे. कालव्याला त्या फरकाने काही होत नसे, कारण मॅनिंगचा गुणांक स्वतःच अंदाजाने घेतलेला असतो. तरीही फरक का पडतो, हा प्रश्न डोक्यात राहिला. पदविकेच्या अभ्यासक्रमात त्याचे उत्तर नव्हते आणि नोकरीत ते शोधायला सवड नव्हती. निवृत्तीनंतर प्रवेश घेतला तो या उत्तरासाठी. पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावावे असे घरात कोणालाच वाटत नाही, मलाही नाही.

या विषयाच्या पहिल्याच प्रकरणात त्रुटींची ओळख करून दिली जाते: निरपेक्ष त्रुटी, सापेक्ष त्रुटी, छेदन त्रुटी, पूर्णांकन त्रुटी. त्यासाठी दोन तास मिळतात, व्याख्या फळ्यावर येतात, १९९१ च्या आखाती युद्धात अशाच त्रुटीमुळे नेम चुकलेल्या पेट्रियट क्षेपणास्त्राचा दाखला दिला जातो आणि परीक्षेत चार गुणांसाठी ‘टीप लिहा’ म्हणून हे प्रकरण संपते. पुढची सर्व प्रात्यक्षिके संगणकावर होतात. पायथन ही संगणकभाषा किंवा सायलॅब ही गणिती आज्ञावली, त्यांतील आठ-दहा ओळी जर्नलमधून पाहून टंकित करायच्या, आलेले उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत लिहायचे आणि सही घ्यायची. संगणक पंधरा-सोळा सार्थ अंकांनी हिशेब करतो आणि आम्ही त्यातले चार लिहितो, म्हणजे त्रुटी जिथे राहते तिथपर्यंत आमची नजर जातच नाही. ज्या विषयाचा प्राण त्रुटी आहे, त्या विषयाच्या एकाही प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला त्रुटी दिसत नाही. हा दोष शिक्षकांचा नाही. त्यांच्या हाती दिलेले साधन या कामासाठी फार चांगले आहे, हीच अडचण आहे.

आता माझे म्हणणे एका उदाहरणाने मांडतो. १०००००१, १०००००२ आणि १०००००३ या तीन संख्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे त्या सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप, काढायचे आहे. तोंडी हिशेबाने उत्तर १ आहे, कारण सरासरी १०००००२ असून विचलने उणे एक, शून्य आणि एक एवढीच आहेत. विचलनांच्या वर्गांची बेरीज २ आणि भाजक, संख्यांच्या संख्येहून एक कमी, म्हणजे २. मात्र पाठ्यपुस्तकात सोयीचे म्हणून दिलेले सूत्र वेगळे आहे: संख्यांच्या वर्गांची बेरीज घ्या, त्यातून बेरजेचा वर्ग भागिले संख्यांची संख्या वजा करा. हे सूत्र दहा सार्थ अंक ठेवणाऱ्या खिशातल्या कॅल्क्युलेटरवर चालवले, तर वर्गांची बेरीज ३.००००१२००० गुणिले दहाचा बारावा घात अशी येते आणि वजा करायची रक्कमही नेमकी तेवढीच येते. वजाबाकी शून्य. तिन्ही संख्या वेगवेगळ्या आहेत हे डोळ्यांना दिसत असताना त्यांचे प्रमाण विचलन शून्य आहे, असे यंत्र ठामपणे सांगते.

हेच गणित आमच्या महाविद्यालयाच्या कपाटातील फॅसिटवर केले, तेव्हा काय झाले ते सविस्तर सांगण्यासारखे आहे. त्या यंत्राच्या निकालाच्या खिडकीत तेरा अंक मावतात. कळफलकावर १०००००१ ही संख्या चढवली, हँडल एकदा फिरवले, सहा घरे सरकवून आणखी एकदा फिरवले. पहिला वर्ग तयार झाला. निकालाची खिडकी पुसली नाही. १०००००२ साठी आधी दोन फेऱ्या आणि सरकवून एक, १०००००३ साठी तीन आणि एक. एकूण नऊ फेऱ्यांनंतर निकालाच्या खिडकीत ३००००१२००००१४ ही वर्गांची बेरीज आली आणि फेऱ्या मोजणाऱ्या खिडकीत त्याच वेळी ३०००००६ ही संख्यांची बेरीजही आपोआप तयार झाली. वजा करायची रक्कम आहे ३००००१२००००१२. फरक २. उत्तर बरोबर. तेरावा अंक मावला म्हणून उत्तर वाचले. माझ्याबरोबर उभ्या असलेल्या विशीतल्या तीन विद्यार्थ्यांनी हँडल स्वतः फिरवून हे करून पाहिले आणि त्यांतील एकीने लगेच विचारले, ‘काका, चौदा अंकी बेरीज झाली असती तर?’ पूर्णांकन त्रुटीवरची टीप पाठ करून हा प्रश्न कोणाला सुचलेला मी पाहिलेला नाही.

हे आकडे मुद्दाम रचलेले वाटतील, पण तसे नाही. यूटीएम या नकाशांच्या निर्देशांक प्रणालीत महाराष्ट्रातील ठिकाणांचे नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडील अंतर, सुमारे सतरा ते चोवीस लाख मीटरांच्या दरम्यान असते. एका शेताच्या बांधावरील चार खुणा घेतल्या, तर सात अंकी आकड्यांत एक-दोन मीटरचाच फरक असतो. मोजणी करणाऱ्याला हा प्रसंग रोजचा आहे. त्यावरचा उपायही आपल्या मुलांना दहावीतच शिकवलेला असतो: गृहीतमध्य पद्धत. तिथे ती श्रम वाचवण्याची युक्ती म्हणून येते. सर्व संख्यांतून दहा लाख आधीच वजा केले तर उरतात १, २ आणि ३, आणि मग सर्वांत साधा कॅल्क्युलेटरही चुकत नाही. गृहीतमध्याने श्रम वाचतात त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंक वाचतात, हे दहावीत सांगता येत नाही हे मान्य, पण पदवीच्या तिसऱ्या वर्षातही ते सांगितले जाऊ नये, हे मला पटत नाही. संगणक आला म्हणून हा प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. एक्सेलच्या २००३ पूर्वीच्या आवृत्त्या प्रमाण विचलनासाठी हेच सोयीचे सूत्र वापरत असत आणि मोठ्या संख्यांवर अशाच फसत असत.

दुसरे प्रात्यक्षिक याहून छोटे आहे आणि त्याला तेलपाणीही लागत नाही. कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा. ९ चा साइन घ्या, आलेल्या उत्तराचा कोसाइन, त्याचा टॅन. मग उलट्या वाटेने आर्कटॅन, आर्ककॉस, आर्कसाइन. गणिताच्या नियमाने पुन्हा ९ यायला हवेत. जुन्या कॅल्क्युलेटरवर ते येत नाहीत. नऊच्या पुढे दशांश चिन्ह, काही शून्ये आणि मग काहीतरी शेपूट येते. प्रत्येक घराण्याच्या चिपचे शेपूट वेगळे असते, त्यामुळे संग्राहक मंडळी बाहेरचे नाव न पाहता आतली चिप कोणती असेल याचा अंदाज यावरून बांधतात. शेपटाचे कारण मात्र शुद्ध संख्यात्मक विश्लेषण आहे. ९ अंशांचा साइन ०.१५६ च्या आसपास. एवढ्या लहान कोनाचा कोसाइन ०.९९९९९६२७ असा जवळजवळ १ येतो, म्हणजे कोनाविषयीची सारी माहिती शेवटच्या काही अंकांत दाटीवाटीने बसते, आणि नेमके तेच अंक यंत्र कापते. परतीच्या वाटेवर आर्ककॉस त्या कापलेल्या अंकाला वीस हजारांहून अधिक पट फुगवतो. अट संख्या, म्हणजे दिलेल्या आकड्यातील चूक उत्तरात किती पट होते ते सांगणारा कंडिशन नंबर, या संकल्पनेवर आमच्या पुस्तकात एक परिच्छेद आहे. तो वाचून जे कळत नाही ते सहा कळा दाबून कळते.

तिसरी गोष्ट ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या एचपी-३५ ची. १९७२ मध्ये आलेला हा खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर. किंमत ३९५ डॉलर, कळा ३५, म्हणून नाव ३५. माझ्याकडचा अमेरिकेत असलेल्या भाच्याने पाठवलेला आहे. त्याच्यावर ‘बरोबर’ची कळ नाही, दोन संख्या आधी द्यायच्या आणि क्रिया नंतर सांगायची, अशी पोलिश तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच यांच्या लेखनपद्धतीवरून उलटवून घेतलेली रीत तो वापरतो. या यंत्राचा संपूर्ण कार्यक्रम अवघ्या ७६८ सूचनांचा आहे, आणि तेवढ्यात बेरजेपासून त्रिकोणमितीपर्यंत सारे बसवले आहे. गुणाकार करण्याचे स्वतंत्र मंडल नसलेले यंत्र साइन कसा काढते, याचे उत्तर जॅक व्होल्डर यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कॉर्डिक पद्धतीत आहे: कोन ठरावीक लहान कोनांत तोडायचा आणि केवळ बेरीज, वजाबाकी व घर सरकवणे यांवर काम भागवायचे. आमच्या अभ्यासक्रमात साइनची टेलर श्रेणी, म्हणजे कोनाच्या घातांची न संपणारी बेरीज, आहे, त्यामुळे कॅल्क्युलेटर टेलर श्रेणीनेच साइन काढत असावा, अशी वर्गातील जवळजवळ सर्वांची समजूत आहे. कॉर्डिकचा एक तास ही समजूत दूर करील. आणि या यंत्राच्या सुरुवातीच्या प्रतींत एक चूकही होती: २.०२ चा नैसर्गिक लॉगरिथम घेऊन e चा तेवढा घात काढला, तर २.०२ ऐवजी २ येत असे. यंत्रे विकली गेल्यावर हे लक्षात आले आणि कंपनीने ती बदलून देण्याची तयारी दाखवली. २.०१ ला बरोबर आणि २.०२ ला चूक, हे ऐकल्यावर चाचणीसाठी संख्या कशा निवडाव्यात, यावर वर्गात अर्धा तास चर्चा होऊ शकते.

ही यंत्रे म्हणजे संगणकाच्या इतिहासाची आडवाट आहे, असा समज असेल तर तोही तपासून पाहावा. इंटेलचा ४००४ हा १९७१ चा मायक्रोप्रोसेसर जपानच्या बिझिकॉम कंपनीच्या छपाई करणाऱ्या कॅल्क्युलेटरसाठी घडवला गेला आणि त्याच्या घडणीत त्या कंपनीकडून आलेल्या मासातोशी शिमा यांचा वाटा मोठा होता. प्रयोगशाळेत ज्या संगणकावर आम्ही सायलॅब चालवतो, त्याचा पूर्वज टेबलावरचा हिशेबनीस होता.

यावर निर्लेखनाचा प्रश्न येतो. अनेक महाविद्यालयांच्या संख्याशास्त्र विभागांनी एके काळी फॅसिट आणि तत्सम हातयंत्रे घेतली होती; सहसंबंध आणि प्रतिगमन यांची प्रात्यक्षिके त्यांवरच होत. पुढे कॅल्क्युलेटर आले, मग संगणक, आणि यंत्रे कपाटावर गेली. जडवस्तू नोंदवहीत त्यांची किंमत आज शून्य किंवा एक रुपया असते, आणि जागा मोकळी करण्याची वेळ आली की निर्लेखन समितीच्या यादीत त्यांचा क्रमांक मोडक्या बाकांच्या आणि जुन्या मॉनिटरच्या मध्ये लागतो. भंगारवाला त्यांना लोखंडाच्या वजनाने घेतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मला मिळालेल्या काही यंत्रांवर महाविद्यालयांचे जडवस्तू क्रमांक पांढऱ्या रंगात अजूनही वाचता येतात. मी पैसे देऊन विकत घेतले ते विद्यार्थ्यांचे प्रयोगसाधन होते, ही गोष्ट संग्राहक म्हणून मला लाभाची असली तरी विद्यार्थी म्हणून खुपते.

बंद पडलेली बहुतेक हातयंत्रे मोडलेली नसतात. त्यांतले वंगण वाळून चिकट झालेले असते. पाठीमागचे आवरण काढावे, जुने वंगण पातळ द्रावकाने सोडवून पुसावे, शिलाई यंत्राचे तेल थेंबाथेंबाने द्यावे आणि हँडल जोर न लावता हळूहळू मोकळे करावे, एवढ्यावर काम भागते. जोर लावला तर दात तुटतो आणि मग खरोखर भंगार होते. इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे दुखणे बहुधा बॅटरीत असते. निकेल-कॅडमियमचे जुने सेल आतल्या आत गळतात आणि संपर्कपट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. तो व्हिनेगरने काढून, स्पिरिटने पुसून, नवे सेल बसवले की लाल दिव्यांचे आकडे पुन्हा उमटतात. यासाठी तज्ज्ञ बोलावण्याची गरज नाही. विद्यार्थ्यांनी हे काम स्वतः केले तर ते अधिक बरे, कारण हाताचा अंक पुढे कसा जातो हे उघड्या यंत्रात ज्याने पाहिले आहे, त्याला वहनाची साखळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

परीक्षेविषयी मला संबंधित मंडळाशी स्पष्ट बोलायचे आहे. आमच्या परीक्षा केंद्रावर परवानगी असलेल्या कॅल्क्युलेटरच्या मॉडेलांची यादी दारावर लावलेली असते. यादीत नाव नसल्यामुळे माझा एचपी-३५ वरिष्ठ पर्यवेक्षकांनी ठेवून घेतला. त्यांनी तो सभ्यपणे ठेवून घेतला, ‘बरोबर’ची कळ सापडेना म्हणून थोडा वेळ उलटसुलट पाहिला आणि पेपर संपल्यावर परत दिला; त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, त्यांनी परिपत्रक पाळले. परिपत्रकाविषयी मात्र आहे. त्या दिवशीच्या प्रश्नपत्रिकेत सिम्पसनच्या नियमाने संकलनाची (वक्राखालच्या क्षेत्रफळाची) किंमत काढायला सांगितली होती. यादीतला, बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती असलेला कॅसिओ एफएक्स-९९१एमएस निश्चित संकलनाची किंमत स्वतः काढतो, आणि तीही सिम्पसनच्याच नियमाने. किती भाग पाडायचे तेही त्याला सांगता येते. शिवाय तो समीकरणे सोडवतो आणि चाळीस वैज्ञानिक स्थिरांक पोटात बाळगतो. माझ्या जप्त झालेल्या यंत्रात संख्या साठवण्याची एकच जागा आहे आणि यंत्र बंद केले की तीही कोरी होते. दालनातले सर्वांत निष्पाप यंत्र बाहेर ठेवण्यात आले.

यादीने पर्यवेक्षकाचे काम सोपे होते, हे मला मान्य आहे; वर्गात साठ विद्यार्थी असताना प्रत्येकाचे यंत्र तपासत बसणे शक्य नाही. पण नियम क्षमतेवर आधारलेला असावा: ज्यात मजकूर साठवता येत नाही, कार्यक्रम लिहिता येत नाही आणि बाहेरच्या यंत्राशी संपर्क करता येत नाही, असा कोणताही कॅल्क्युलेटर चालेल. यादी हवी असेल तर ती या नियमाचे उदाहरण म्हणून राहू द्यावी आणि यादीबाहेरचे यंत्र परीक्षेपूर्वी विभागप्रमुखांना दाखवून त्यावर सही-शिक्का घेण्याची सोय ठेवावी. ज्यांना हेही गैरसोयीचे वाटते, त्यांच्यासाठी अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या गेट परीक्षेची रीत आहे. तिथे सर्वांना पडद्यावर एकच कॅल्क्युलेटर दिला जातो आणि वाद मिटतो. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकांवर तर लॉगची कोष्टके, स्लाइड रूल, मॉलियर आलेख, इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर आणि वाफेची कोष्टके वापरण्यास परवानगी आहे, अशी सूचना स्लाइड रूल बाजारातून दिसेनासा झाल्यावरही वर्षानुवर्षे छापली जात होती. कोणी तिला हसत असेल; मला ती सूचना शहाणपणाची वाटते, कारण तीत साधनाचा प्रकार सांगितला आहे आणि कंपनीचे नाव नाही.

उतारवयात शिकायला येणाऱ्यांविषयीही दोन शब्द येथेच लिहितो, कारण या मागणीशी त्यांचा संबंध आहे. प्रवेश घेतला तेव्हा महाविद्यालयाने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, छायाचित्र निघाले. प्राध्यापक माझ्याहून वयाने लहान असल्याने मला ‘सर’ म्हणतात आणि मी त्यांना ‘सर’ म्हणतो, त्यामुळे तासाला प्रश्न विचारताना थोडी गंमत होते. सहाध्यायी ‘काका’ म्हणतात, डबा वाटून खातात, माझ्याकडून त्रिकोणमितीची सूत्रे घेतात आणि मला पायथन शिकवतात. या सगळ्यात जाच काहीच नाही. मात्र चाळीस वर्षे हिशेब करून आलेल्या माणसाला काय येते, हे विचारण्याची जागा प्रवेश अर्जात नाही, वेळापत्रकात नाही आणि श्रेयांकांच्या तक्त्यातही नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आयुष्यभर शिकण्याची आणि अभ्यासक्रमात केव्हाही परत येण्याची भाषा आहे; परत येणारा रिकाम्या हातांनी येत नाही, हे गृहीत धरून केलेली तरतूद मला विद्यापीठाच्या पातळीवर दिसलेली नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या आणि पदव्युत्तर पदवी नसलेल्या गणिती कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक आपण दर वर्षी २२ डिसेंबरला गणित दिनाच्या भित्तिपत्रकावर छापतो. हाताने आकडे उलटसुलट करीत बसण्याची त्यांची जी रीत होती, तिला एखाद्या प्रात्यक्षिकाचा दर्जा द्यावा असे मात्र आपल्याला सुचत नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. यंत्रे थोडी आहेत आणि विद्यार्थी फार; तर मग एका तुकडीला एक हातयंत्र पुरते, कारण फेऱ्या एकाने फिरवायच्या आणि नोंदी बाकीच्यांनी ठेवायच्या, अशीच ती प्रात्यक्षिके पूर्वी होत. एचपी-३५ सर्वांना कुठून मिळणार, तर त्याच्या मूळ सूचनाच चालवणारे सिम्युलेटर मोबाइलवर उपलब्ध आहेत. हा निव्वळ म्हाताऱ्यांचा गतकाळाचा सोस आहे, असे कोणी म्हणेल. सोस आहे, हे मी नाकारत नाही; लाल आकडे उमटताना पाहून मला आजही आनंद होतो. पण वर दिलेल्या तीन प्रात्यक्षिकांतील एकालाही माझ्या आनंदाची गरज नाही. ती कोणत्याही तरुण प्राध्यापकाने करून पाहावीत आणि मग ठरवावे. सर्व अभ्यासक्रम यंत्रांवर न्यावा, असे तर माझे म्हणणे मुळीच नाही. समीकरण पायरीपायरीने सोडवणाऱ्या न्यूटन-रॅफसन पद्धतीच्या शंभर आवृत्त्या हँडल फिरवून करायला लावणे ही शिक्षा होईल.

तेव्हा मंडळांनी पुढील पावले उचलावीत, ही विनंती. संख्यात्मक विश्लेषणाच्या प्रात्यक्षिकांत निदान दोन प्रात्यक्षिके मर्यादित अंकांच्या यंत्रांवर घ्यावीत आणि जर्नलमध्ये उत्तराइतकीच त्रुटीची नोंद बंधनकारक करावी. ज्या महाविद्यालयांत यंत्रे पुरेशी आहेत त्यांना ‘गणनयंत्रे आणि गणनपद्धती’ असा दोन श्रेयांकांचा, म्हणजे साठ तासांचा, प्रात्यक्षिक स्वरूपाचा खुला ऐच्छिक विषय राबवण्याची मुभा द्यावी. त्यात विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही बसता यावे. अशा विषयाला साहाय्यक म्हणून सेवानिवृत्त मोजणीदार, बँकांचे व लेखा शाखांचे जुने कर्मचारी आणि टंकलेखन यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर यांना मानधनावर बोलावता येईल. ही माणसे आज प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि पुढील दहा-पंधरा वर्षांनी नसतील. सर्व संलग्न महाविद्यालयांना पत्र पाठवून गणनयंत्रांची यादी मागवावी आणि ती येईपर्यंत एकाही यंत्राचे निर्लेखन करू नये.

यांपैकी शेवटची बाब तातडीची आहे. आमच्याच महाविद्यालयातील निर्लेखनाची यादी तयार झाली असून तीत वर उल्लेख केलेले फॅसिट यंत्र आहे. अभ्यासक्रमात बदल करायला वर्ष-दोन वर्षे लागतात, हे मी जाणतो. यादीतील एक नोंद खोडायला एका सहीपेक्षा अधिक काही लागत नाही. मंडळाच्या पुढील बैठकीत ही तिन्ही प्रात्यक्षिके करून दाखवण्याची माझी तयारी आहे. वेळ अर्धा तास पुरेल. यंत्रे, सेल, तेल आणि पुसायचे फडके मी घेऊन येईन; सदस्यांनी आपापले कॅल्क्युलेटर, असतील ते, सोबत आणावेत.

कळावे,

आपला विश्वासू,
बी.एस्सी. तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी
(सेवानिवृत्त शाखा अभियंता, पाटबंधारे खाते)